अमेरिकन मालगाडीत परक्या कंपन्यांचे इतके डबे का असायचे? रिकाम्या डब्याकडे बघा, उलगडा होतो

प्रश्न असा आहे की १९५० च्या आसपासच्या एका फोटोत सांता फे ह्या रेल्वे कंपनीचं इंजिन आहे, जागा कॅन्सस, पण मागच्या बॉक्सकारवर, म्हणजे बंद मालडब्यांवर, पेनसिल्व्हेनिया, सदर्न, न्यूयॉर्क सेंट्रल, मिलवॉकी रोड अशी दुसऱ्या कंपन्यांची नावं आहेत आणि सांता फेचे स्वतःचे डबे त्या मानाने कमीच दिसतायत. मग हे परके डबे तिथे काय करतायत, हरवत नव्हते का, पैसे कोण कोणाला द्यायचं, आणि त्या काळाचा एचओ स्केल लेआउट, म्हणजे छोट्या मॉडेल रेल्वेचा देखावा, करायचा तर कुठले डबे घ्यायचे. मी अमेरिकेत एका रेल्वे कंपनीच्या कार हायर विभागात, म्हणजे दुसऱ्यांचे डबे वापरल्याचं भाडं मोजणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काम केलंय आणि घरी माझा स्वतःचा लेआउट पण आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक करा, भारतीय रेल्वेचं चित्र थोडं बाजूला ठेवा. आपल्याकडे वॅगनवर मध्य, पश्चिम, दक्षिण मध्य असं लिहिलेलं असतं पण मालक शेवटी एकच, सरकार. अमेरिकेत शंभराहून जास्त मोठ्या खाजगी कंपन्या आणि शेकडो लहान, प्रत्येकीचे स्वतःचे डबे, आणि माल तर एका कंपनीच्या हद्दीत क्वचितच संपायचा. ओरेगॉनचं लाकूड न्यूजर्सीला जायचं म्हणजे वाटेत तीनचार कंपन्या. प्रत्येक हद्दीवर माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरणं सुरुवातीला खरंच चालायचं, पण ते खर्चिक, वेळखाऊ आणि तुटफूट, चोरी वेगळीच. म्हणून डबाच पुढे द्यायचा असं ठरलं, ह्यालाच इंटरचेंज म्हणतात. आपल्या गावाकडे लग्नात घरोघरची पातेली गोळा करायचे आणि प्रत्येकावर नाव कोरलेलं असायचं, तसंच हे, डब्यावरचं नाव म्हणजे परत कुठे द्यायचा त्याचा पत्ता.

हे जमायला आधी डबे एकमेकांना जोडता यायला हवेत. १८८६ च्या मे महिन्याच्या शेवटी दक्षिणेतल्या कंपन्यांनी आपला ५ फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, जवळपास दोन दिवसांत अरुंद करून बाकी देशाशी जुळवून घेतला. १८९३ च्या सेफ्टी अप्लायन्स कायद्याने ऑटोमॅटिक कपलर आणि एअर ब्रेक सक्तीचे केले, त्याआधीच्या लिंक आणि पिन कपलिंगमध्ये किती ब्रेकमननी, म्हणजे डबे जोडणाऱ्या कामगारांनी, बोटं आणि हात गमावले त्याला गणती नाही. आणि मास्टर कार बिल्डर्स असोसिएशन १८६७ पासून होतीच, तिने दुरुस्तीचे नियम आखून दिले, कुठला बिघाड मालकाच्या खात्यावर, कुठला ज्याच्या ताब्यात डबा होता त्याच्या. जुनाट झाल्यामुळे काही झिजलं तर दुरुस्ती करणाऱ्याने मालकाला बिल लावायचं, आपटून धोपटून मोडलं तर मोडणाऱ्याने भरायचं. प्रत्येक जंक्शनवर इन्स्पेक्टर डबा तपासूनच ताब्यात घ्यायचा, कारण एकदा घेतला की पुढच्या भांडणात तुम्हीच आरोपी.

आता पैशाचं, कारण सगळी मेख तिथेच आहे. सुरुवातीला परक्या डब्याचं भाडं मैलावर होतं. ह्यात काय व्हायचं, डबा उभा राहिला तर भाडं शून्य, त्यामुळे ज्याच्या ताब्यात आहे त्याला परत पाठवायची अजिबात घाई नाही, खुशाल गोदाम म्हणून वापरा. १९०२ पासून रोजचं भाडं आलं, पर डायम, सुरुवातीला २० सेंट रोज. आणि मोजायचं कसं, तर मध्यरात्री बारा वाजता डबा ज्याच्या रुळांवर त्याच्या नावे तो दिवस. ह्या एका नियमाने यार्डांचं वेळापत्रक ठरायचं. रात्री दहा अकराला शिकागोसारख्या ठिकाणी, जिथे बेल्ट रेल्वे ह्या डब्यांची अदलाबदल करणाऱ्या कंपनीचं क्लिअरिंग यार्ड आहे, गाड्या ढकलायची गडबड, पलीकडच्याच्या इंटरचेंज रुळावर डबे बाराच्या आत लावून मोकळं व्हायचं. पाच मिनिटं उशीर झाला तर पन्नास डब्यांचं एका दिवसाचं भाडं आपल्या बोडक्यावर.

हरवण्याबद्दल, नाही, फारसे हरवत नसत. प्रत्येक भरलेल्या डब्याबरोबर वेबिल, म्हणजे आपल्या भाषेत बिल्टी, कंडक्टरकडे, म्हणजे गाडीच्या गार्डकडे, असायची, कंडक्टर आपल्या व्हील रिपोर्टमध्ये प्रत्येक डब्याची अक्षरं आणि नंबर लिहायचा, यार्डात क्लार्क पाऊस असो बर्फ असो रुळांच्या कडेने चालत नंबर टिपायचा, आणि रोजच्या रोज इंटरचेंजचा रिपोर्ट दोन्ही कंपन्यांच्या कार अकाउंटंटकडे जायचा. देशातल्या सगळ्या डब्यांची यादी छापील यायची, द ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर, त्यात कुठल्या नंबरच्या मालिकेतले डबे आतून किती लांब, रुंद, उंच, दार किती फुटी, सगळं. १९६० च्या दशकाच्या शेवटी रंगीत पट्ट्यांचे लेबल लावून मशीनने नंबर वाचायची कारट्रॅक पद्धत आणली, पण धूळ आणि चिखलाने लेबलं वाचता येईनात आणि १९७७ ला ती सोडून दिली. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ भिस्त माणसाच्या डोळ्यावरच.

पण माझं म्हणणं असं की मालगाडी समजून घ्यायची तर भरलेला डबा विसरा. भरलेल्या डब्याला काय, त्याला बिल्टी आहे, तो जिथे पाठवलाय तिथे जाणार, मालक कोणी का असेना. खरा प्रश्न डबा रिकामा झाला की सुरू होतो. पेनसिल्व्हेनियाचा डबा कॅन्ससमध्ये रिकामा झाला, आता त्याचं करायचं काय? कार सर्व्हिस रूल सांगायचे की परका डबा मालकाच्या दिशेने जाणाऱ्या मालाने भरा, तसा माल नसेल तर रिकामा परत पाठवा, आणि परका डबा चालत असताना आपला स्वतःचा डबा बाहेरच्या मालाला देऊ नका. कागदावर एकदम सुंदर. प्रत्यक्षात स्टेशन एजंटकडे सकाळी व्यापाऱ्याचा फोन यायचा की दुपारपर्यंत डबा पाहिजे, आणि साईडिंगला एकच रिकामा डबा उभा, तो सदर्नचा आणि माल चाललाय कॅलिफोर्नियाला म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेला. एजंट काय करणार? डबा देणार. गिऱ्हाईक समोर आहे आणि रूलबुक कपाटात. म्हणून बॉक्सकार मालकापासून महिनोनमहिने, कधी वर्षभरसुद्धा लांब फिरत राहायचे आणि तुमच्या फोटोत दिसतंय ते त्याचंच फळ.

कॅन्ससचाच विषय आहे तर गव्हाचं सांगतो, कारण ह्या धंद्यात त्याच्याइतकं बघण्यासारखं दुसरं काही नाही. कापणी जूनमध्ये, पण सांता फे, रॉक आयलंड, मिसुरी पॅसिफिक ह्या कंपन्या त्याच्या आधीच रिकामे बॉक्सकार जमा करून ब्रँच लाईनच्या साईडिंगवर लांबच लांब ओळीत उभे करायच्या. गहू पोत्यात नाही, सुटा भरायचा, आणि तोही साध्या ४० फुटी बॉक्सकारमध्ये ज्याला दोन्ही बाजूंना सरकतं दार आहे. सुटा गहू दारातून वाहून जाणार नाही का? म्हणून ग्रेन डोअर. लाकडी फळ्यांचे हे तक्ते दाराच्या चौकटीला आतून खिळ्यांनी ठोकायचे, एकावर एक, पार छातीच्या वर, आणि वर फट सोडायची कारण एलिव्हेटरचा, म्हणजे रुळांशेजारच्या उंच धान्यकोठाराचा, पाईप तिथूनच आत जाणार. पोलादी डबे आले तरी दाराच्या खांबांना आतून लाकूड ठेवायचे ते ह्या खिळ्यांसाठीच. त्याआधी डबा झाडायचा, आत वर आलेले खिळे काढायचे, फटी कागदाने बुजवायच्या, आणि वास घ्यायचा. हो, वास! आधीच्या खेपेत कच्ची कातडी गेली असेल तर तो डबा धान्याला बाद, कितीही धुतला तरी. यार्डातले लोक डब्यांची प्रतवारी ठेवायचे, मैदा, साखर, कागद ह्यांना सगळ्यात चांगले, धान्याला त्याखालचे पण गळके नकोत, आणि कातडी, भंगार ह्यांना उरलेले, एकदा त्या रांगेत गेलेला डबा सहसा वर यायचा नाही.

आतल्या भिंतीवर रेषा मारलेल्या असायच्या, गव्हाची खाली, ओट्सची बरीच वर, कारण ओट्स हलके, डबा जास्त उंच भरला तरी वजन तेवढंच. गव्हाचा एक बुशेल (धान्याचं माप) ६० पौंड, एका ४० फुटी डब्यात साधारण १८०० ते २००० बुशेल. भरला की दार ओढून सील, आणि गाडी कॅन्सस सिटीकडे. तिथे यार्डात इन्स्पेक्टर लांब पितळी नळी गव्हात खुपसून नमुना काढायचा, नमुन्यावर ग्रेड ठरायची, नमुना बघून बोर्डावर, म्हणजे धान्यबाजारात, सौदा व्हायचा, आणि तोवर डबा यार्डात उभा. सौदा झाला की नवीन पत्ता लागायचा, कुठल्या तरी पिठाच्या गिरणीचा नाहीतर गल्फच्या बंदराचा. म्हणजे बिल्टीवर जे गाव लिहिलंय तिथे डबा थांबतोच असं नाही.

लाकडाच्या व्यापारात तर ह्याचंच टोक गाठलं होतं. ओरेगॉन, वॉशिंग्टनचे लाकूडवाले डबा भरून, गिऱ्हाईक नसतानाच, पूर्वेकडे सोडून द्यायचे आणि मुद्दाम लांबचा, संथ मार्ग निवडायचे, वाटेत सौदा झाला की पत्ता बदलायचा. ह्यांना रोलर्स म्हणायचे. आडवळणाच्या कंपन्यांना हा धंदा फार आवडायचा कारण घाई नाही आणि भाड्यात वाटा मिळतो. पण त्या डब्याच्या मालकाचा विचार करा, लाकडाचं चाकावरचं फिरतं गोदाम झालं आणि त्याला मिळतोय तो रोजचा ठरलेला पर डायम. गिऱ्हाईकाने डबा उतरवायला वेळ लावला तर डेमरेज होतं, साधारणपणे ४८ तास मोफत आणि मग दिवसाला दंड, पण बाजारभाव पडलेला असेल तर गोदामापेक्षा डेमरेज स्वस्त असं गणित व्यापारी सरळ करायचे. १९१७ ला हे देशभर एकदम झालं, युद्धाचा माल पूर्व किनाऱ्याच्या बंदरांकडे लोटला गेला, जहाजं नाहीत, उतरवायला जागा नाही, भरलेले डबे यार्डात अडकून पडले आणि पश्चिमेत रिकाम्या डब्यांचा दुष्काळ. शेवटी डिसेंबर १९१७ ला सरकारने रेल्वेच ताब्यात घेतल्या, यूएसआरए (युनायटेड स्टेट्स रेलरोड अॅडमिनिस्ट्रेशन) नावाने १९२० पर्यंत चालवल्या, आणि ठराविक डिझाईनचे एक लाख डबे ऑर्डर केले. त्यातले बॉक्सकार दुरुस्त होत, पत्रा चढवत पुढची कित्येक वर्षं धावले, १९५० च्या लेआउटवर ते असायलाच हवेत.

फळं भाजी आणि मांस ह्यांचं वेगळंच राज्य. रीफर म्हणजे बर्फाचे डबे, दोन्ही टोकांना बर्फाची टाकी, वर छतात झाकणं. युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिकने मिळून १९०६ ला पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस काढली, तिचा कॅलिफोर्नियातला रोझविलचा बर्फ कारखाना जगातला सर्वात मोठा म्हणून प्रसिद्ध होता. तिथलं काम म्हणजे, डब्यांच्या छताच्या उंचीचा लांबलचक फलाट, साखळीवरून ३०० पौंडांच्या लाद्या सरकत येतायत, माणसं आकड्यांनी त्या ओढून फोडून झाकणातून आत ढकलतायत, एका डब्याला एकूण सुमारे ५ टन बर्फ, आणि वाटेत साधारण रोज पुन्हा भरायचा. मांसाला बर्फात मीठ घालायचे म्हणजे गारवा जास्त, पण ते खारट पाणी ठिबकून रूळ आणि पूल गंजायचे म्हणून त्या डब्यांना पाणी अडवायची सोय करायला लावली. मांसाच्या रीफरचा इतिहास सुद्धा पैशाचाच आहे, मांसाचा व्यापारी गुस्ताव्हस स्विफ्टने १८७० च्या दशकाच्या शेवटी जेव्हा जिवंत जनावरांऐवजी कापलेलं मांस पाठवायचं ठरवलं तेव्हा मोठ्या रेल्वे कंपन्यांनी टाळाटाळ केली, त्यांचे पैसे जनावरांच्या डब्यांत आणि गोठ्यांत अडकलेले, शेवटी त्याने ग्रँड ट्रंक रेल्वेला धरलं आणि डबे स्वतःचे बांधले. जनावरांच्या गाडीला वर कायदा पण होता, २८ तासांनी उतरवून चारा पाणी द्यायचंच, जनावरांच्या मालकाने लिहून दिलं तर ३६.

खाजगी डबे, म्हणजे रेल्वे कंपन्यांच्या मालकीचे नसलेले, विशेषतः तेलाचे टँकर, ओळखायला सोपे, अक्षरांच्या शेवटी बहुतेक एक्स असतो, यूटीएलएक्स, जीएटीएक्स. ह्यांना रोजचं नाही, मैलाचं भाडं. रिकामे झाले की कोणी त्यात दुसरा माल भरायचा प्रश्नच नाही, आले तसे परत. कोळशाचे हॉपर, म्हणजे खालून उघडणारे डबे, पण बहुतेक खाण ते बंदर आणि रिकामे परत, आपल्याच रेल्वेवर. म्हणजे देशभर भटकणारा खरा भटक्या फक्त बॉक्सकार, आणि काही प्रमाणात फ्लॅटकार (नुसता सपाट तळ) आणि गोंडोला (वरून उघडा डबा).

डब्याच्या अंगावर काय लिहिलंय ते एकदा नीट वाचायला शिका, मॉडेलवाल्यांना ह्याचा फार उपयोग. ५० टनी डब्यावर कॅपॅसिटी १,००,००० पौंड लिहिलेली असते, अमेरिकन टन २००० पौंडांचा. त्याखाली लोड लिमिट, समजा १,२३,०००, आणि त्याखाली रिकाम्या डब्याचं वजन ४६,०००. दोन्हींची बेरीज करा, १,६९,०००, त्या आकाराच्या चार आसांवर परवानगी असलेलं एकूण वजन तेवढंच. रिकाम्या वजनाशेजारी यार्डाची खूण आणि महिना वर्ष असतं कारण डबा ठराविक काळाने पुन्हा तोलायला लागायचा, दुरुस्तीत फळ्या बदलतात, लाकूड पाणी पितं, आणि मालाचं भाडं वजनावर असल्यामुळे डब्याच्या वजनातली चूक म्हणजे कोणाचा तरी खिसा. चाकापाशी आसाच्या टोकावरच्या जर्नल बॉक्समध्ये तेलात भिजवलेल्या सुताचा बोळा भरलेला असायचा, तो बदलल्याची तारीख पण रंगवलेली, कारण बोळा सुकला की आस तापून हॉट बॉक्स, वास आणि धूर, आणि गाडी थांबवून तो डबा वाटेत गाडीपासून वेगळा काढायचा.

आता मला ज्याबद्दल खरंच राग आहे ते. पर डायम कित्येक दशकं सरसकट एकच होता, ३० वर्षं जुन्या गळक्या लाकडी डब्याला आणि काल कारखान्यातून आलेल्या पोलादी डब्याला भाडं सारखंच. मग नवीन डबा कोण घेणार? जिथे माल जास्त उतरतो आणि कमी भरला जातो अशा पूर्वेकडच्या काही कंपन्यांना दुसऱ्यांचे डबे वापरणं विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडायचं, आणि पश्चिमेतल्या कंपन्यांनी पैसे घालून घेतलेले नवे डबे नेमके कापणीच्या वेळी न्यू इंग्लंडात कुठेतरी उभे. १९६० च्या दशकात डब्याच्या किंमतीप्रमाणे दर लावायला सुरुवात झाली, पण उशीर झाला होता. १९७० ला इंटरस्टेट कॉमर्स कमिशनने, म्हणजे रेल्वेवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाने, टंचाई हटवायला इन्सेंटिव्ह पर डायम म्हणजे वरचं जादा भाडं आणलं, १९७४ ला रेलबॉक्स नावाचा पिवळ्या डब्यांचा सामाईक पूल निघाला, आणि त्या जादा भाड्याकडे बघून गुंतवणूकदारांनी पाचपन्नास मैलांच्या शॉर्टलाईनच्या, म्हणजे छोट्या रेल्वे कंपन्यांच्या, नावाने हजारो रंगीबेरंगी बॉक्सकार घेतले. १९८० च्या सुमारास मंदी आली, माल नाही, सगळे डबे मालकाकडे परत निघाले आणि त्या शॉर्टलाईनकडे तेवढे रूळच नव्हते उभे करायला. तोवर गहू केव्हाच कव्हर्ड हॉपरमध्ये गेला होता, सदर्नने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बिग जॉन नावाचे १०० टनी अॅल्युमिनियमचे हॉपर आणून धान्याचे दर कमी केले तर त्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं. वर झाकण, खाली दरवाजे, खिळे नाहीत, तक्ते नाहीत, ते बघितल्यावर बॉक्सकारमध्ये गहू भरणं संपणारच होतं.

मग लेआउटसाठी काय घ्यायचं. सांता फे, कॅन्सस, १९५०, तर बॉक्सकारमध्ये सांता फेचे सगळ्यात जास्त ठेवा, पण निम्म्याहून जास्त परके. परके निवडताना आवडता रंग बघू नका, त्या कंपनीकडे देशात किती बॉक्सकार होते त्या प्रमाणात घ्या, कंडक्टरांच्या जुन्या वह्या तपासणाऱ्यांना साधारण हेच प्रमाण दिसलेलं आहे. म्हणजे पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल भरपूर, कारण त्यांच्या फ्लीट प्रचंड, आणि एखाद्या छोट्या लाईनचा देखणा डबा फार तर एकच. रीफर घेताना लोक हमखास पॅसिफिक फ्रूटचे घेतात, पण सांता फेच्या गाडीत सांता फेचेच एसएफआरडी अक्षरांचे रीफर पाहिजेत, रंग दोन्हींचा नारिंगीकडे झुकणारा असला तरी अक्षरं वेगळी. छतावर चालायची फळी सगळ्या बॉक्सकारना हवीच, ती नवीन डब्यांवरून १९६६ नंतर गेली. बाहेरून लाकडी फळ्या आणि लोखंडी तिरके पट्टे दिसणारे जुने डबे बऱ्यापैकी ठेवा, सगळेच गुळगुळीत पोलादी ठेवले तर १९६० वाटेल. आणि वजनाची तारीख बघून घ्या, १९५० च्या लेआउटवर १९५४ ला तोललेला डबा नको.

चालवताना सुरुवात ऑर्डरने करा. एलिव्हेटरला उद्या सहा डबे पाहिजेत, तर यार्डात रिकामे कुठले आहेत, त्यातले धान्याला चालणारे कुठले, त्यातले पूर्वेकडच्या मालकांचे कुठले, ते आधी, आणि ते पुरले नाहीत तरच सांता फेचे. कातडीवाला डबा वेगळ्या रुळावर. मला स्वतःला रंगकामापेक्षा हा भाग जास्त आवडतो. कंपनीप्रमाणे बॉक्सकारची किती संख्या होती ते हवं असेल तर इक्विपमेंट रजिस्टरचे जुने अंक पुनर्मुद्रित झालेत, १९५० च्या आसपासचा एखादा मिळवा आणि त्यातल्या बेरजांवरून आपल्या डब्यांचा हिशोब लावा.